विसरलेले किती, उरलेले किती?

२०२२ च्या मे महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत असताना गणितात चांगली होती. पुढे बी.एस्सी. झाली, संगणकाची पदविका घेतली आणि १९९४ पासून पुण्यातील एका कंपनीत कोबोल या भाषेत आज्ञावल्या लिहू लागली. १५ वर्षे तिने हे काम केले. २००९ मध्ये सासूबाईंचे आजारपण आणि मुलांची शाळा यांपायी तिला नोकरी सोडावी लागली. वर्ष-दोन वर्षांची म्हणून घेतलेली विश्रांती १३ वर्षे लांबली. मधल्या काळात दोनदा प्रयत्न केला, तेव्हा अर्जाला साधे उत्तरही आले नाही. आता यजमानांचा कारखाना बंद पडला होता आणि घर चालवायला तिला मिळवणे भाग होते.

तिने विचारले, "सर, मला परत जमेल का?"

आम्ही शिक्षकी सवयीने म्हणालो, "न जमायला काय झालं? तू हुशारच होतीस."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हुशारीचं नाही विचारलं मी. मी किती विसरले असेन, आणि जे उरलंय त्यातलं किती आज चालेल, ते विचारतेय."

आमचे उत्तर किती उथळ होते ते आमच्या ध्यानात आले. एका प्रश्नात दोन प्रश्न होते आणि दोन्ही शास्त्रीय होते. पहिला स्मृतीचा: वापर न केलेले ज्ञान डोक्यात किती टिकते? दुसरा संगणकाचा: १३ वर्षांत बाहेरचे जग किती बदलले? लोक या दोहोंची गल्लत करतात. 'आता सगळे विसरले' आणि 'आता सगळे बदलले' ही वाक्ये एका दमात बोलली जातात, पण त्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. तिच्यासाठी आम्ही थोडे वाचन केले आणि पुढचे वर्षभर तिची वही अधूनमधून पाहत गेलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. शिक्षकांना त्याचा उपयोग होईल असे वाटते, कारण खंड पडलेला विद्यार्थी आपल्या वर्गातही असतोच.

आधी विसरण्याविषयी.

या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास हेरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने केला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगाचा विषयही तोच आणि प्रयोगकर्ताही तोच! अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करी, ठरावीक काळ जाऊ देई आणि तीच यादी पुन्हा पाठ करी. 'आठवते का?' एवढेच त्याने विचारले नाही, आणि त्याची खरी कल्पकता येथेच आहे. दुसऱ्यांदा पाठ करायला किती कमी श्रम पडले, हे त्याने मोजले. समजा, एखादी यादी पाठ व्हायला पहिल्या खेपेस २० आवर्तने लागली आणि काही दिवसांनी १२ लागली, तर ८ आवर्तने वाचली, म्हणजे बचत ४० टक्के झाली. त्याच्या मोजणीत २० मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के, सहा दिवसांनंतर २५ टक्के आणि एका महिन्यानंतर २१ टक्के.

हे आकडे नीट पाहावेत. पहिल्या दिवसात मोठी घसरण आहे, पण सहाव्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत जेमतेम चार टक्के. विसरण्याचा वेग पुढे पुढे मंदावत जातो. शिवाय त्या यादीतला एकही अक्षरसमूह आपणहून आठवत नसला तरी पुन्हा पाठ करताना बचत होऊ शकते. 'काहीच आठवत नाही' आणि 'काहीच उरले नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, ती अशी.

अर्थात अर्थहीन अक्षरांची यादी वेगळी आणि वर्षानुवर्षे वापरलेली विद्या वेगळी. त्यासाठी १९८४ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा लागतो. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांची त्यांनी परीक्षा घेतली. काहींनी ती भाषा नुकतीच शिकली होती, तर काहींना शिकून ५० वर्षे झाली होती आणि मधल्या काळात बहुतेकांनी ती फारशी वापरली नव्हती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत ज्ञान बरेच घटलेले दिसले. पण त्यानंतर जे उरले ते पुढे सुमारे २५-३० वर्षे जवळपास तसेच राहिले. ज्यांनी मुळात अधिक काळ आणि अधिक चांगले शिकले होते त्यांच्याकडे शिल्लकही अधिक होती.

म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचे जे जायचे ते बहुधा २०१५ च्या सुमारासच गेले होते. सहा वर्षांनी परतली असती काय आणि तेरा वर्षांनी काय, स्मृतीच्या हिशेबात फार फरक पडला नसता. भाषेवरचे निष्कर्ष प्रोग्रॅमिंगला जसेच्या तसे लागू होतील असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्या वहीत पहिल्या पंधरवड्याची नोंद अशी आहे: 'फाइल, रेकॉर्ड, सॉर्ट – सगळं परत ओळखीचं. स्वल्पविराम आणि कंस मात्र सगळे चुकतात.'

ही नोंद दिसते त्याहून महत्त्वाची आहे. उरते ते कोणत्या रूपात उरते, याचे उत्तर तिच्यात आहे.

बुद्धिबळाच्या खेळाडूंवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी मांडतो, तर नवख्याला चार-पाचच आठवतात. पण सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या की निष्णाताचा हा वरचढपणा जवळपास नाहीसा होतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हे दाखवले. निष्णाताची स्मरणशक्ती मोठी नसते. तो एकेक सोंगटी न पाहता ओळखीचे पुंजके पाहतो. १९८१ मध्ये हाच प्रयोग संगणकाच्या आज्ञावल्यांवर करण्यात आला. नीट क्रमाने लिहिलेली आज्ञावली अनुभवी प्रोग्रॅमरांना नवख्यांपेक्षा कितीतरी अधिक आठवली. त्याच ओळी उलटसुलट केल्यावर दोघेही सारखेच.

वर्गात हे पाच मिनिटांत करून पाहता येते. फळ्यावर पुढील बारा शब्द लिहावेत: 'पाऊस थांबल्यावर आजोबांनी भिजलेली छत्री अंगणातल्या तारेवर वाळत घातली आणि चहा मागितला.' अर्ध्या वर्गाला हे वाक्य दहा सेकंद दाखवावे. उरलेल्या अर्ध्या वर्गाला बाहेर थांबवून नंतर हेच बारा शब्द क्रम मोडून दाखवावेत. मग सर्वांना वहीत लिहायला सांगावे. शब्द तेच, मुले तीच, पण फरक पाहून मुलेच चकित होतात.

प्रोग्रॅमरचे पुंजके कोणते? 'एकेक नोंद वाचत जा आणि बेरजेत घालत जा' हा एक. 'क्रमाने लावलेल्या दोन याद्या एकत्र विण' हा दुसरा. 'यादीतली सर्वांत मोठी संख्या शोध' हा तिसरा. तिसऱ्याकडे जरा थांबून पाहू, कारण त्यात एक जुना सापळा आहे. रीत अशी: आतापर्यंतची सर्वांत मोठी संख्या एका जागी धरून ठेवायची, नवी संख्या तिच्याहून मोठी निघाली तर जुनी पुसून नवी ठेवायची. सुरुवातीला त्या जागी काय ठेवायचे? नवखा म्हणतो, शून्य. गुणांच्या यादीला ते चालते. पण काश्मीरमधील हिवाळ्याच्या तीन दिवसांची तापमाने उणे ४, उणे ७ आणि उणे २ असली तर संगणक उत्तर देतो शून्य, म्हणजे जे तापमान कधी नव्हतेच! अनुभवी माणूस सुरुवातीला यादीतली पहिलीच संख्या ठेवतो. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये हा सापळा होता, १९६० च्या कोबोलमध्ये होता आणि आजही कोणत्याही भाषेत तो तसाच लिहिता येतो. या सापळ्याची जाणीव १३ वर्षांत शिळी होत नाही. बायकांचे विणकाम जसे टाके न मोजता हातात उरते, तसेच हे आहे.

स्वल्पविराम आणि कंस मात्र उरत नाहीत. ते अर्थहीन अक्षरांच्या यादीच्या जातीचे आहेत. ते जावेत हेच स्वाभाविक आणि ते पुन्हा भरून काढणे हे सर्वांत स्वस्त काम.

आता दुसरा प्रश्न: बाहेर काय बदलले? येथे आमच्या विद्यार्थिनीला जे जड गेले ते आमच्या अपेक्षेहून वेगळे निघाले. अगदी नवे शिकायला तिला त्रास झाला नाही. जुन्यासारखे दिसणारे पण जुन्याहून वेगळे असलेले शिकताना ती अडखळली. उजवीकडून वाहन चालवणाऱ्या देशात गेलेल्या चालकाला स्टिअरिंग ओळखीचे असते, चुकतो तो वळणावर. मानसशास्त्रात याला जुन्या सवयीचा अडथळा म्हणतात.

तिने पायथन ही भाषा निवडली. १९९१ मध्ये जगापुढे आलेली ही भाषा फुकट मिळते आणि तिचे वाक्य बरेचसे साध्या इंग्रजीसारखे असते. पहिला सराव म्हणून तिने ४० मुलींच्या गुणांची सरासरी काढली. तपासणे सोपे जावे म्हणून सर्वांना ६० गुण दिले. उत्तर यायला हवे ६०, आले ५८.५. संगणकाने एकही तक्रार केली नाही.

काय झाले असावे? वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी थोडा विचार करावा. एकूण बेरीज २४०० यायला हवी. ५८.५ ला ४० ने गुणले तर २३४० येतात, म्हणजे नेमके ६० कमी. एक मुलगी गळली आहे. पायथनमध्ये यादीतल्या जागा एकपासून मोजत नाहीत, शून्यापासून मोजतात. ४० जागा म्हणजे ० ते ३९. शिवाय 'एक ते चाळीस' असे सांगितले तर ती भाषा शेवटचा आकडा धरत नाही, १ ते ३९ एवढेच घेते. कोबोलमध्ये जागा एकपासून मोजण्याची १५ वर्षांची सवय बोटांत होती, तिने तसेच लिहिले आणि शून्यावर बसलेली पहिलीच मुलगी हिशेबाबाहेर राहिली. शून्यापासून का मोजायचे? यादीच्या सुरुवातीपासून किती पावले पुढे जायचे, असा तो आकडा असतो. पहिली मुलगी सुरुवातीलाच उभी असल्याने तिच्यापर्यंत जायला शून्य पावले लागतात.

पण ही चूक सापडली कशी? सर्वांना ६० गुण देण्याच्या युक्तीमुळे. उत्तर आधी ठाऊक असलेली छोटी उदाहरणे चालवून पाहायची ही शिस्त तिला कुणा पुस्तकाने दिलेली नव्हती. ती १९९९ साली तिला लागली होती. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्या २००० साल उजाडताच गोंधळतील म्हणून तेव्हा जगभर लाखो ओळी तपासल्या जात होत्या आणि भारतातील प्रोग्रॅमरांनी त्यातले पुष्कळ काम केले. चूक जुन्या सवयीची आणि ती पकडणारी शिस्तही जुनीच.

दुसरी अडचण अधिक खोल होती आणि ती आम्हा शिक्षकांशीही संबंधित आहे. 'चल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची' असे आपण सर्वजण शिकवतो. १९८४-८५ च्या सुमारास 'क्लास' प्रकल्पाखाली निवडक शाळांत बी.बी.सी. मायक्रो संगणक आले, तेव्हा बेसिक शिकवतानाही असेच शिकवले जाई. कोबोलमध्ये एका डब्यातले दुसऱ्यात घाला म्हटले की त्याची नक्कल दुसऱ्या डब्यात जाते. नंतर दुसऱ्या डब्यात काहीही केले तरी पहिला तसाच राहतो.

आमच्या विद्यार्थिनीने गुणांची यादी 'मूळ' या नावाने ठेवली. मग 'सुधारित' म्हणजे 'मूळ' असे लिहिले आणि 'सुधारित'मध्ये काही मुलींना ग्रेसचे तीन-तीन गुण दिले. छापून पाहते तर 'मूळ' यादीतही गुण वाढलेले! दोन दिवस तिला याचा उलगडा झाला नाही. पायथनमध्ये नाव म्हणजे डबा नसतो. नाव ही वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते. 'सुधारित म्हणजे मूळ' असे लिहिल्याने दुसरी यादी तयार झालीच नव्हती, एकाच यादीला दुसरी चिठ्ठी बांधली गेली होती. घरी जिला ताई म्हणतात आणि शाळेत जिला जोशीबाई म्हणतात ती एकच व्यक्ती असेल, तर ताईने केस कापले की जोशीबाईंचेही कापले जातात! खरीच दुसरी यादी हवी असेल तर नक्कल करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

डब्याची उपमा चुकीची नव्हती. ती ज्या भाषेसाठी दिली त्या भाषेत बरोबर होती. पण उपमा शिकवताना तिची हद्द आपण सांगत नाही, आणि मग वीस वर्षांनी कुणाचे तरी दोन दिवस जातात.

आज्ञावली लिहिण्याच्या भोवतालचे बदल याहून मोठे होते. ती नोकरीत असताना आज्ञावलीची नवी आवृत्ती म्हणजे फाइलीची प्रत करून नावापुढे तारीख घालायची. आता प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी गिट नावाची व्यवस्था सर्वत्र वापरतात. ती २००५ मध्येच निघाली होती, पण हिच्या कार्यालयापर्यंत पोचली नव्हती. इतरांनी लिहिलेले तयार भाग जोडून काम करण्याची पद्धतही फार वाढली आहे. यांची यादी येथे देत बसत नाही. ती सवयीने येतात, आणि ही यादी पाहूनच पुष्कळजण आधी हबकतात.

येथे एक जुनी हकीगत सांगायला हवी. १९४६ मध्ये अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनियाक या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. त्याला गणिते घालून देण्याचे काम सहा तरुणींकडे होते. त्यांतली एक होती जीन बार्टिक, मिसुरी राज्यातील शेतकरी कुटुंबातली, गणिताची पदवीधर. तेव्हा प्रोग्रॅमिंगची भाषाच नव्हती. तारा जोडायच्या, खटके फिरवायचे, हेच प्रोग्रॅमिंग. १९५१ मध्ये तिने काम सोडले आणि १९६७ पर्यंत ती घरी होती. या १६ वर्षांत नलिका जाऊन ट्रान्झिस्टर आले, फोर्ट्रान आणि कोबोल आल्या, म्हणजे तिचा धंदाच ओळखू न येण्याइतका बदलला. त्याच वर्षी तिने इंग्रजी विषयात एम.ए. पूर्ण केले आणि एका कंपनीत नव्या छोट्या संगणकांविषयी तांत्रिक अहवाल लिहिण्याचे व संपादनाचे काम धरले. यंत्राच्या पोटात काय चालते याची जुनी समज आणि नव्याने कमावलेली भाषा यांची तिने सांगड घातली. ती नुसती जुन्या जागी परतली नाही.

पण हकीगत येथे संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखे होईल. १९८० च्या दशकाच्या मध्यास तिची नोकरी गेली. वय साठीच्या घरात. एनियाकवर काम केलेल्या या बाईला या क्षेत्रात पुन्हा नोकरी मिळाली नाही, आणि पुढची अनेक वर्षे तिने घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय केला. तिच्या कामाचा गौरव त्यानंतर झाला. २०११ मध्ये ती वारली.

तेव्हा, शिकण्याची क्षमता हा प्रश्नाचा एक भाग आहे. दुसरा भाग दाराच्या पलीकडे बसलेल्यांचा आहे. कोरी क्रॉफ्ट, फाबियन लांगे आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सुमारे तीन हजार नोकऱ्यांसाठी त्यांनी सुमारे १२ हजार काल्पनिक अर्ज पाठवले. अर्जदार किती महिने बेकार आहे हा तपशील कोणत्या अर्जात काय असावा, ते केवळ दैवावर सोडले होते. बेकारीचा काळ वाढला तशी मुलाखतीची बोलावणी कमी झाली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणजे मालकाच्या डोळ्यांपुढचा 'खंड' हा स्मृतीतल्या खंडापेक्षा फार लवकर मोठा होतो. आठ महिन्यांत १५ वर्षांचे कौशल्य कुणाचेही जात नाही.

घरी बसलेल्या माणसाचे काय होते, याचा एक हृदयद्रावक अभ्यास ऑस्ट्रियातील मारियेनथाल या गावी झाला. तेथील कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी १९३३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. गावाच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके गिरणी बंद पडल्यावर वाढली असतील असे आपल्याला वाटेल, कारण वेळच वेळ होता. ती जवळजवळ निम्म्यावर आली होती! लोकांची चालही मंदावल्याचे संशोधकांनी घड्याळ लावून नोंदले. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको. 'आता वेळ आहे, शिक की' असे बेकार माणसाला सांगणे सोपे आहे. पण शिकायला लागतो तो आखलेला दिवस, आणि नोकरीबरोबर नेमका तोच जातो.

म्हणून आम्ही तिच्यासाठी एकच गोष्ट आग्रहाने केली: दर शनिवारी सकाळी दहा वाजता वही घेऊन यायचे. आम्हाला पायथन येत नव्हते. तिने समजावून सांगायचे, आम्ही अडाण्याचे प्रश्न विचारायचे. यात आमचा मोठेपणा काही नाही, कारण या पद्धतीला आधार होता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के राहिले होते, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आठवणे हा स्वतःच एक सराव आहे. मोबाइलवर शिकवण्या पाहण्यात तिचे पहिले तीन आठवडे गेले होते. सगळे समजत होते आणि कोऱ्या पडद्यापुढे काहीच सुचत नव्हते. न पाहता लिहिणे सुरू केल्यावर गाडी हलली.

आणखी एक बारकावा. नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणे फायद्याचे असते, हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवले. पण जाणत्याला तीच उदाहरणे नकोशी होतात. नंतरच्या संशोधनात तर ती त्याच्या वाटेत येतात असे दिसले. खंडानंतर परतणारा माणूस एकाच वेळी नवखा आणि जाणता असतो. 'चल म्हणजे काय' या धड्याचा तिला कंटाळा येई आणि म्हणून ती तो भराभर ओलांडून जाई. चिठ्ठी आणि डब्याचा फरक त्याच धड्यात होता! अशा विद्यार्थ्यासाठी सरसकट पहिल्या धड्यापासूनचा अभ्यासक्रम नको आणि सरसकट पुढचाही नको. जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून 'येथे सारखे, येथे वेगळे' असे दाखवणारा हवा. असे पुस्तक आम्हाला मिळाले नाही. शेवटी तिच्याच वहीत दोन रकाने पाडून ते तयार झाले.

याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आले आणि साध्या भाषेत सांगितले की यंत्रच आज्ञावली लिहून देऊ लागले. 'मग मी शिकतेय कशाला?' असे ती एका शनिवारी म्हणाली. आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हते. तिने हिवाळ्याच्या तापमानांचे गणित त्या यंत्राला घातले. ते बरोबर आले. मग पतपेढीच्या व्याजाचे जरा गुंतागुंतीचे गणित घातले. आज्ञावली सुबक आली, चाललीही, पण लीप वर्षातला एक दिवस हिशेबातून गळला होता. तो तिने पाच खात्यांचे व्याज हाताने मांडून पकडला. अशी यंत्रे दिवसेंदिवस सुधारत आहेत, तेव्हा या एका उदाहरणावर आम्ही फार भार टाकत नाही. पण लिहिलेले वाचून ताडून पाहणे हे काम अजून माणसाकडून गेलेले नाही, आणि तिच्याकडे नेमके तेच उरले होते.

कोबोलविषयी राहिले. ती मेली असे अनेकदा जाहीर झाले आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांची लाट आली. तेथील जुनी संगणकव्यवस्था त्या ओझ्याखाली अडखळली, तेव्हा राज्यपालांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. बेकारांना पैसे पोचवण्यासाठी, ज्यांचे कौशल्य जुने झाले म्हणून सोडून दिले, त्यांनाच शोधायची वेळ आली होती!

आमच्या विद्यार्थिनीला ऑगस्ट २०२३ मध्ये सहा महिन्यांच्या करारावर काम मिळाले. एका संस्थेचे जुने हिशेब कोबोलमधून नव्या व्यवस्थेत नेले जात आहेत आणि दोन्हींचे आकडे जुळतात का, हे पायथनमध्ये लिहिलेल्या आज्ञावल्यांनी तपासायचे, असे ते काम. त्यापूर्वी तिने ४३ अर्ज केले होते. सातांना उत्तर आले, तीन मुलाखती झाल्या. पहिल्या दोन्ही मुलाखतींत बहुतेक वेळ १३ वर्षांबद्दल विचारण्यातच गेला. तिसरीत तिने ते विचारण्याआधीच चुकांची वही टेबलावर ठेवली. पगार २००९ च्या पगाराहून कमी आहे, हेही सांगितले पाहिजे.

तिच्या 'किती?' या प्रश्नाचे उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर तिनेच मांडले आहे. सुरुवातीपासून नोकरी लागेपर्यंत १५ महिने. त्यातले भाषेच्या व्याकरणाला सहा आठवडे. जुन्या सवयी मोडायला सुमारे तीन महिने. भोवतालच्या साधनांना चार. उरलेले अर्ज करण्यात आणि वाट पाहण्यात.

तिचा करार त्यानंतर दोनदा वाढवला गेला. तिच्या हाताखाली आता कॉलेजातून नुकत्याच आलेल्या दोन मुली आहेत. त्यांना पायथन तिच्याहून चांगले येते, कोबोलचे पान मात्र वाचता येत नाही. शनिवारी दहा वाजता ती त्यांना ते शिकवते.